'हॅलेलुया' नेमकं कुणाचं? चाळीस वर्षांचा प्रवास, आणि आपल्या मंचावर ते कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका हौशी ग्रुपला डिसेंबरच्या कार्यक्रमात 'हॅलेलुया' घ्यायचं आहे. मुख्य गायला एक ताई आणि एक दादा, साथीला गिटार, कीबोर्ड आणि तबला, मागे सात-आठ जणांचा कोरस. इंटरनेटवर ऐकावं तिथे कडवी वेगळी, कराओके ट्रॅक वेगवेगळ्या पट्टीत. मूळ कोणतं, कोणतं रूप घ्यावं, पट्टी कोणती ठेवावी आणि निवेदनात इतिहास काय सांगावा, हे त्यांना हवं आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, म्हणजे बाकीचा गुंता आपोआप सुटेल. आपल्याकडे अभंगाचे शब्द ठरलेले असतात आणि चाली बदलतात. एकच अभंग भजनी मंडळात एका चालीत, मैफलीत दुसऱ्या रागात. या गाण्याचं उलटं आहे. चाल आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) चाळीस वर्षांत जवळपास हललेले नाहीत, कडवी मात्र प्रत्येक गायकाने आपापली निवडली. म्हणून "मूळ कोणतं" यापेक्षा "आपण साखळीतली कोणती कडी गातोय" हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. बहुतेक ग्रुप इथेच घसरतात: कडवी एकाची, ट्रॅक दुसऱ्याचा, गायकी तिसऱ्याची.

गाणं लिहिलं कॅनडाच्या लिओनार्ड कोहेनने. मॉन्ट्रियलच्या ज्यू कुटुंबातला माणूस, आधी कवी आणि कादंबरीकार, नंतर गायक. हे गाणं 1984 च्या 'व्हेरियस पोझिशन्स' या अल्बममध्ये आलं, निर्माता जॉन लिसॉअर. लिहायला त्याला काही वर्षं लागली आणि वह्याच्या वह्या भरल्या. कडव्यांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा सांगितला जातो, तेव्हा निवेदनात "ऐंशीच कडवी" असं ठाम म्हणू नका, "कित्येक डझन कडवी" म्हणा. अल्बम तयार झाल्यावर कोलंबिया कंपनीने तो अमेरिकेत काढायलाच नकार दिला. 1985 मध्ये पासपोर्ट नावाच्या छोट्या कंपनीने तो तिथे आणला, आणि गाण्याकडे जवळजवळ कुणाचं लक्ष गेलं नाही.

ते पहिलं ध्वनिमुद्रण लक्ष देऊन ऐका. कोहेनचा खर्जातला, जवळपास बोलल्यासारखा आवाज, सिंथेसायझर, संथ ड्रम, आणि ध्रुपदाला, म्हणजे कडव्यामागून येणाऱ्या 'हॅलेलुया'च्या ओळींना, चर्चच्या धाटणीचा मोठा कोरस. कडवी चार. पहिल्यात दावीद राजाची गुप्त कॉर्ड, दुसऱ्यात गच्चीवर न्हाणारी स्त्री आणि कापलेले केस, तिसऱ्यात देवाचं नाव व्यर्थ घेतल्याच्या आरोपाला दिलेलं उत्तर, आणि चौथ्यात "मला जमलं तेवढं मी केलं" हा कबुलीजबाब. शेवट उभं राहून, मान वर करून होतो. आज आपल्या कानात जे उदास, एकट्या गिटारवरचं 'हॅलेलुया' बसलंय त्याची इथे खूणही नाही.

गाण्याला पहिल्यांदा दाद दिली अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने. त्याने ते 1988 मध्ये आपल्या कार्यक्रमांत गायलं. त्याच वर्षीच्या दौऱ्यात खुद्द कोहेनही ते वेगळ्या कडव्यांनी गात होता, पहिली तीन बदललेली आणि शेवटचं तेवढं जुनं. तो प्रकार 1994 च्या 'कोहेन लाइव्ह' या अल्बमवर आहे. म्हणजे शब्द बदलायची सुरुवात इतरांनी नाही, कवीनेच केली.

खरी कलाटणी दिली जॉन केलने. वेल्सचा हा संगीतकार, 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या बँडचा एक संस्थापक. एका फ्रेंच संगीत मासिकाने 1991 मध्ये कोहेनच्या गाण्यांचा 'आय'म युअर फॅन' हा सन्मान-अल्बम काढला, त्यासाठी केलने हे गाणं घेतलं. शब्द मागितले तर कोहेनने फॅक्सवर पंधरा पानं पाठवली. केलने त्यातून पाच कडवी उचलली: 1984 ची पहिली दोन आणि कोहेन मैफलीत गायचा त्यातली तीन. जुन्या चौथ्या कडव्याचा कबुलीजबाब गळाला. कोरस काढला, सिंथेसायझर काढला, ठेवला फक्त पियानो आणि आवाज. आज जगभर गायलं जातं त्या गाण्याचा सांगाडा हाच आहे. निवेदनात एकाच मधल्या माणसाचं नाव घ्यायला वेळ असेल तर केलचं घ्या, तो नेहमी राहून जातो.

अमेरिकन गायक जेफ बक्लीने गाणं उचललं ते केलच्या ध्वनिमुद्रणावरून, कोहेनच्या नव्हे. म्हणून कडवी तीच पाच, क्रमही तोच. 1994 च्या 'ग्रेस' अल्बममध्ये ते आलं, निर्माता अँडी वॉलेस, लांबी जवळपास 7 मिनिटं. केलच्या पियानोत जे तुटक, फिरते स्वर होते ते बक्लीने एका इलेक्ट्रिक गिटारवर आणले. सुरुवातीला श्वास सोडल्याचा आवाज मुद्दाम ठेवलाय. तो ऐकला की माणूस कानाशी येऊन गातोय असं वाटतं. अल्बम तेव्हा फारसा खपला नाही. 1997 मध्ये बक्ली मेम्फिसजवळ नदीत बुडून गेला, वय 30. त्यानंतर लोक या गाण्याकडे वळले, आणि आज निम्म्या जगाला हे गाणं त्याचंच वाटतं.

मग 2001 चा 'श्रेक' हा अ‍ॅनिमेशन सिनेमा. निवेदक इथे हमखास चुकतात: सिनेमात वाजतो तो जॉन केलचा आवाज, आणि त्याच सिनेमाच्या सीडीवर आहे रूफस वेनराइट या गायकाचा. सिनेमा ज्या कंपनीचा होता तिच्याच लेबलवर वेनराइट गात होता. या सिनेमामुळे शाळकरी मुलांपर्यंत गाणं गेलं, अर्थात कडव्यांची काटछाट करून.

पुढचं भराभर सांगतो. कॅनडाच्या के. डी. लँगने 2004 मध्ये ते रेकॉर्ड केलं आणि 2010 च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात गायलं. एकच गायकी ऐकून मोठ्या आवाजातल्या संयमाचा धडा घ्यायचा असेल तर ती ऐका. 2008 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमधल्या 'एक्स फॅक्टर' स्पर्धेची विजेती अलेक्झांड्रा बर्क हिचं 'हॅलेलुया' ख्रिसमसच्या आठवड्यात विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. बर्कच्या चाहत्यांना उत्तर म्हणून लोकांनी बक्लीचं विकत घेतलं, ते दुसऱ्या क्रमांकावर आलं. कोहेनचं स्वतःचं 36 व्या क्रमांकावर होतं. एका आठवड्यात एकाच गाण्याची तीन रूपं यादीत, आणि लिहिणारा सगळ्यात खाली. निवेदनासाठी यापेक्षा बोलका तपशील मिळणार नाही. पेंटाटॉनिक्स या वाद्यांविना गाणाऱ्या गटाने 2016 मध्ये ते ख्रिसमसच्या अल्बमवर घेतलं, आणि त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला कोहेन गेला. "हे ख्रिसमसचं गाणं आहे" हा समज या दोन डिसेंबरांतून आलेला आहे.

मराठी श्रोत्यांपुढे एक धागा जरूर सांगा. कोहेन 1999 मध्ये मुंबईत येऊन राहिला होता, रमेश बाळसेकरांचं ऐकायला. बाळसेकर म्हणजे बँक ऑफ इंडियातून निवृत्त झालेले, निसर्गदत्त महाराजांचे शिष्य, आणि महाराज म्हणजे गिरगावात खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे. या गाण्याचा कवी त्या परंपरेच्या उंबऱ्याशी बसला होता, हे ऐकल्यावर सभागृहात लोक सरसावून बसतात.

आता शब्दांकडे. दावीद वीणा वाजवून शौल राजाला शांत करायचा, गच्चीवरून त्याने बथशेबेला न्हाताना पाहिलं आणि पापात पडला. केस कापले गेले ते शमशोनाचे, दलीलेने कापले. कोहेनने दुसऱ्या कडव्यात या दोन वेगवेगळ्या कथा एकाच माणसावर घडल्यासारख्या गुंफल्या आहेत. 'हॅलेलुया' या शब्दाचा हिब्रू अर्थ "याहची, म्हणजे देवाची, स्तुती करा". मराठी बायबलमध्ये स्तोत्रांत "परमेशाचे स्तवन करा" असं येतं ते हेच. पण गाण्यात येशूचा जन्म कुठेच नाही, शारीरिक प्रेमाचे उल्लेख मात्र आहेत, विशेषतः केलने घेतलेल्या चौथ्या कडव्यात. कार्यक्रम सभागृहात असेल तर काहीच अडचण नाही. चर्चच्या आवारात असेल तर शब्दांचा कागद आधी फादरना किंवा पाळकांना दाखवा. आणि ख्रिसमससाठी स्वतःचे नवे शब्द घालू नका. तो फेरबदल ठरतो, त्याला हक्कधारकांची परवानगी लागते. मराठी भाषांतर करून गायचं असेल तरी तेच.

या गाण्यात एक जागा आहे, ती समजली की गायकी बदलते. पहिल्या कडव्याच्या उत्तरार्धात शब्द ज्या कॉर्डचं नाव घेतात तीच कॉर्ड खाली वाजते. पांढरी 1 मध्ये (पेटीची पहिली पांढरी पट्टी सा), म्हणजे सी मेजरमध्ये धरलं तर "चौथा" या शब्दावर एफ, म्हणजे मध्यमाची कॉर्ड. "पाचवा" वर जी, पंचमाची. "मायनर" म्हटल्यावर ए मायनर, आणि पुन्हा "मेजर" म्हटल्यावर एफ. कवी श्रोत्याला पेटी उघडून आतल्या पट्ट्या दाखवतोय. म्हणून पहिलं कडवं कधीच गाळायचं नाही, आणि त्या ओळीत गिटारवाल्याने कॉर्ड नेमक्या शब्दावरच बदलायच्या. अर्धी मात्रा उशीर झाला तरी गंमत गेली.

पूर्ण कडव्याचा हिशेब असा. ताल आपल्या दादऱ्यासारखा, सहा मात्रांचा. एक आवर्तन म्हणजे एक बार. पहिली आठ आवर्तनं: सी, ए मायनर, सी, ए मायनर, एफ, जी, सी, जी. पुढची आठ: सी, मग एकाच आवर्तनात अर्धं एफ अर्धं जी, ए मायनर, एफ, जी, ई सेव्हन, आणि दोन आवर्तनं ए मायनर. ध्रुपद: एफ दोन, ए मायनर दोन, एफ दोन, सी एक, जी एक, मग सीवर टेकायचं आणि दोन आवर्तनांत पुढच्या कडव्याला वळायचं. एकूण 26 आवर्तनं. गाण्याचा उठाव सहाव्या मात्रेवरून आहे, पहिला शब्द सहावीवर आणि पुढचा समेवर. तबलजींना हे आधी सांगितलं नाही तर ते पहिल्या शब्दावर सम धरतात, आणि सगळं गाणं एका मात्रेने सरकतं.

सगळ्यात जास्त बिघडते ती ई सेव्हनची जागा. या कॉर्डमध्ये कोमल धैवत आहे, सी मेजरच्या बाहेरचा एकमेव स्वर. तो ऐकू आला की पोटात कळ आल्यासारखं होतं आणि ए मायनरवर जीव टेकतो. घाईत शिकलेले वादक तिथे ई मायनर वाजवतात. मग कोमल धैवताऐवजी पंचम येतो आणि कळस सपाट होतो. कीबोर्ड आणि गिटार दोघांनी ही कॉर्ड एकमेकांना ऐकवून पक्की करा. एकाने ई मायनर आणि दुसऱ्याने ई सेव्हन धरलं तर दोन स्वर अर्ध्या स्वराच्या अंतरावर घासतात, आणि श्रोत्याला वाटतं गायिका बेसूर झाली.

चालीचा आवाका आता. कडवं शुद्ध गंधारावर सुरू होतं, ई सेव्हनच्या जागी तार गंधाराला जातं, आणि ध्रुपद मध्य षड्जावर संपतं. ध्रुपद अगदी सोपं: "ग प ध ध", "ध प ग ग", पुन्हा "ग प ध ध", आणि शेवटी "ध प ग" वरून "म ग रे सा" असं उतरायचं. म्हणजे मध्य सा ते तार ग, दहा स्वरांचा पल्ला. गायकाचा गळा तार गंधाराला सहज जातो का आणि खालचा सा ऐकू येतो का, एवढ्या दोनच गोष्टींवर पट्टी ठरवा.

एकटा पुरुष आवाज असेल तर पांढरी 1 चांगली. एकटी स्त्री असेल आणि छातीतल्या आवाजात गायचं असेल तर पांढरी 5 किंवा पांढरी 6. पांढरी 1 मध्ये तार गंधार बऱ्याच जणींना डोक्यातल्या आवाजात न्यावा लागतो आणि नेमक्या कळसावर आवाज पातळ होतो. तुमच्याकडे ताई आणि दादा दोघं आहेत, तेव्हा तडजोड लागेल. पांढरी 5 घेतली तर दादांना खालच्या सप्तकात सा लागणार नाही, आणि ताईंच्याच सप्तकात गावं तर तार गंधार ओरडून काढावा लागेल. काळी 5 घ्या. ताईंना कळस थोडा उंच पण आवाक्यात, दादांना खर्ज थोडा खोल पण ऐकू येणारा. तालमीच्या पहिल्या दिवशी दोघांनी फक्त कळसाची ओळ आणि ध्रुपदाची शेवटची ओळ काळी 5 मध्ये गाऊन पाहावी, बाकी काही नको. कळसाची ओळ ओढावी लागली तर अर्धा स्वर खाली, पांढरी 6 ला या.

गिटारवाल्याने काळी 5 साठी कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) तिसऱ्या पट्टीवर लावून जीच्या आकारांत वाजवावं: जी, ई मायनर, सी, डी आणि ई सेव्हनच्या जागी बी सेव्हन. बक्लीही याच आकारांत वाजवतो, कॅपो पाचव्या पट्टीवर, त्यामुळे त्याचं गाणं पांढरी 1 ला ऐकू येतं. बोटांची सवय तीच राहते. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, तेव्हा लावल्यानंतर पुन्हा ट्यून करा, आधी नाही. कीबोर्डवर काळी 5 मध्ये कॉर्ड अशा: बी फ्लॅट, जी मायनर, ई फ्लॅट, एफ, आणि कळसाला डी सेव्हन. डी सेव्हनमध्ये एफ शार्प येतो, त्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा.

कोरसला फार शिकवू नका. ध्रुपदाची एक सोय आहे, ती वापरा. तार षड्ज हा स्वर एफ, ए मायनर आणि सी या तिन्ही कॉर्डमध्ये आहे. म्हणून वरच्या आवाजाच्या बायकांनी ध्रुपदभर नुसता तार सा धरून ठेवला तरी तो सगळीकडे बसतो. फक्त शेवटाजवळ जी येतो तिथे शुद्ध निषादावर उतरायचं आणि सीवर परत सा. सात-आठ जणांना हे अर्ध्या तासात बसतं, आणि ऐकणाऱ्याला चर्चमध्ये उभं असल्यासारखं वाटतं. कळसाच्या ओळीला कुणी साथीचा स्वर लावत असेल तर सावध. तार गंधाराच्या खाली सवयीने षड्ज लावला जातो, आणि तो ई सेव्हनशी भांडतो. तिथे निषाद लावा आणि ए मायनर आला की षड्जावर जा. तबल्याच्या चाटीचंही तेच: षड्जाला मिळवलेली चाट जी आणि ई सेव्हनच्या आवर्तनांत हलकी ठेवा, तिथे बायाँ, म्हणजे डग्गा, जास्त बोलू द्या. एकूणच तबला दुसऱ्या कडव्यापासून आणा, पहिल्यात नको.

कीबोर्डवर तयार ठेका लावायचाच असेल तर 'स्लो रॉक' लावा, बारा मात्रांचा असतो, दोन आवर्तनांत नेमका बसतो. 'बॅलड' नावाचे ठेके बहुतेक चार मात्रांचे असतात आणि शब्द त्यावर लंगडतात. लय मिनिटाला 58 मोठे ठोके ठेवा, प्रत्येक आवर्तनात दोन. या लयीत एक कडवं ध्रुपदासकट साधारण 54 सेकंदांचं होतं. चार कडवी, थोडा पूर्वरंग आणि शेवटी ध्रुपद दोनदा धरलं तर गाणं साडेचार मिनिटांत आटोपतं. बक्लीच्या संथ चालीने पाच कडवी घेण्याचा मोह होईल, पण सात मिनिटं एकट्या गिटारवर सभागृह धरून ठेवणं फार कठीण काम आहे. चौथ्या मिनिटाला लोक मोबाईल बघू लागतात.

कराओके ट्रॅकवर गाणार असाल तर नाव वाचून घेऊ नका, ऐकून घ्या. प्रत्येक ट्रॅक कुणाच्या तरी रूपाचा असतो. पियानो आणि पाच कडवी असतील तर केल किंवा वेनराइटच्या वंशातला, गिटार असेल तर बक्लीच्या, मोठा कोरस आणि पुढे पुढे चढत जाणारा वाद्यमेळ असेल तर बर्कच्या. सिंथेसायझर आणि चारच कडवी, शेवटी कबुलीजबाब, तर कोहेनच्या. तुमचं निवेदन आणि ट्रॅक एकाच वंशातले हवेत. ट्रॅकची पट्टी सॉफ्टवेअरने दोन अर्धे स्वर इकडे-तिकडे केलेली चालते. त्यापुढे पियानो पत्र्यासारखा वाजू लागतो.

उच्चाराची एक बारीक जागा. प्रत्येक कडव्याच्या तिसऱ्या आणि शेवटच्या ओळीचं यमक '-लुया' शी जुळतं, आणि ते जुळावं म्हणून इंग्रजी 'यू' चा उच्चार बोलीतला 'या' होतो. शाळेत शिकवलेला स्वच्छ 'यू' म्हटला की यमक तुटतं आणि ध्रुपदात शिरायचा उतार जातो. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलं हाच उच्चार दुरुस्त करतात. करू देऊ नका.

माझा सल्ला विचाराल तर मंचावर साखळीच दाखवा. पहिलं कडवं दादांनी कोहेनसारखं, खालच्या सप्तकात, बोलत बोलत, फक्त कीबोर्डच्या लांब सुरांवर. दुसरं ताईंनी केलच्या पियानोच्या अंगाने, तबला इथे अलगद. तिसरं बक्लीचं, एकटी गिटार, दोघांपैकी ज्याचा हळू आवाज जास्त बोलका त्याने. आणि चौथं म्हणून केलने गाळलेलं 1984 चं शेवटचं कडवं परत आणा, दोघं मिळून, मागे पूर्ण कोरस. त्या कबुलीजबाबानंतर येणारं ध्रुपद वेगळंच लागतं. कोहेन 2008 पासून पुन्हा दौऱ्यावर निघाला तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता, आणि तोही गाण्याचा शेवट याच कडव्यावर करायचा. निवेदनाला प्रत्येक कडव्याआधी थांबू नका. सुरुवातीला अडीच मिनिटांत इतिहास सांगा, मग गाणं अखंड होऊ द्या.

ध्वनिव्यवस्थेबद्दल. आपल्याकडे साउंडवाले गायकाला भरपूर 'इको' देतात, आणि या गाण्यात शब्दावर शब्द चढून चिखल होतो. सांगून रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या सभागृहासारखी घुमण, मागा, साधारण 2 सेकंदांचा. इको हवाच असेल तर 345 मिलिसेकंदांवर ठेवायला सांगा, 58 च्या लयीत तो बरोबर मात्रेवर पडतो. गिटारच्या तिसऱ्या कडव्यात बाकी सगळे माइक बंद, नाहीतर कोरसच्या आठ माइकांतून सभागृहाची कुजबुज आत येते. श्वासाचा आवाज हवा असेल तर माइक तोंडापासून चार बोटं आणि थोडा बाजूला.

कार्यक्रम उघड्या लॉनवर असेल तर नागपूरच्या डिसेंबरचा विचार करा. संध्याकाळी सातला मिळवलेली गिटार रात्री दहाच्या थंडीत चढते, आणि मंचावरच्या दिव्यांखाली पुन्हा उतरते. वाद्य गाण्याच्या किमान वीस मिनिटं आधी मंचाच्या उजेडात आणून ठेवा आणि मगच मिळवा. तबल्याची चाटही थंडीत बसते, जवळ हातोडी हवी. सिव्हिल लाइन्सच्या बाजूचं सभागृह घेत असाल तर हिवाळी अधिवेशनाच्या तारखा पाहून घ्या, त्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि वाद्यांची गाडी तासभर अडकू शकते. साउंड चेकसाठी ठेवलेला वेळ नेमका तिथेच जातो.

परवानगीचं थोडक्यात. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सूट आहे. तिकीट किंवा प्रायोजक असतील तर आयोजकाने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा परवाना घ्यावा, आणि तयार ध्वनिमुद्रण वाजवणार असाल तर त्याच्या हक्काचा वेगळा. पुढे स्टुडिओत रेकॉर्ड करून बाजारात आणायचं ठरलं तर कलम 31 सी आहे, पण त्यात पूर्वसूचना, आगाऊ रॉयल्टी आणि मूळ रचनेत फेरफार न करण्याची अट येते, तेव्हा वकिलाला विचारूनच पुढे जा.

तालमीसाठी पहिल्या आठवड्यात फक्त ध्रुपद आणि ई सेव्हनची ओळ घ्या, कडवी दुसऱ्या आठवड्यात. शब्दांचा कागद सगळ्यांना एकच द्या, त्यावर प्रत्येक कडव्यापुढे ते कुणाच्या रूपातलं ते लिहा, आणि इंटरनेटवरून कुणी नवं कडवं घेऊन आलं तर ते या वर्षापुरतं बाजूला ठेवा.